शाळा सोडण्याचा प्रश्न आणि परतीचा हक्क

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाने शाळा सोडावी की सोडू नये, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा दोनच सुरांत होत आली आहे. एक सूर वडीलधाऱ्यांचा. त्यात शाळा सोडणारा मुलगा वाया गेला असे धरूनच पुढचे बोलणे होते, आणि उपदेश, धाक व शेजारच्या हुशार मुलाचा दाखला या तीन साधनांनी त्याला वर्गात परत लोटण्याचा यत्न होतो. दुसरा सूर त्या मानाने अलीकडचा. त्यात पुस्तकी विद्येवाचून थोर झालेल्यांची, किंवा निदान श्रीमंत झालेल्यांची, चरित्रे मोठ्या उत्साहाने सांगितली जातात आणि शाळा ही पराक्रमी पुरुषाच्या मार्गातील एक धोंड होय असे सुचविले जाते. हे दोन सूर वरकरणी परस्परविरुद्ध असले तरी एका गृहीतावर त्यांचे पूर्ण एकमत आहे, आणि ते असे की शाळेत राहणे किंवा न राहणे ही मुलाच्या अंगच्या गुणावगुणांची गोष्ट आहे. ज्या वस्तीत हा प्रश्न दरवर्षी जून महिना उजाडला की घरोघरी उभा राहतो, तेथील वस्तुस्थिती पाहू गेल्यास मात्र मुलाचा स्वभाव हे त्याच्या शाळा सोडण्याचे सर्वांत गौण कारण ठरते. म्हणून हा विचार हवेत करण्याऐवजी एका ठिकाणी पाय रोवून करणे बरे. आणि त्यासाठी ठाणे व कल्याण यांच्या मध्ये वसलेल्या दिव्याइतके समर्पक ठिकाण शोधूनही सापडणार नाही.

बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत १८५३ साली आलेली आगगाडी १८५४ साली कल्याणला पोचली, ती याच खाजणांच्या आणि भातखाचरांच्या काठाकाठाने. साबे, दातिवली, आगासन, बेतवडे, म्हातार्डी ही इथली मूळ गावे, आणि आगरी व कोळी हे इथले मूळ रहिवासी. पुढे पनवेलकडे आणि वसईकडे जाणारे लोहमार्ग इथून फुटले आणि कोकणात जाणारी पॅसेंजर गाडी इथून सुटू लागली. मुंबईत खोलीचे भाडे परवडेना आणि डोंबिवलीतही डिपॉझिट झेपेना, तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातून आलेल्या, घाटावरून आलेल्या आणि उत्तरेकडून आलेल्या हजारो कुटुंबांनी दिव्याच्या चाळी आणि परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या इमारती जवळ केल्या. वस्ती आधी आली आणि वस्तीला लागणाऱ्या सोयी मागून, रखडत, तक्रारअर्जांच्या पाठोपाठ आल्या. पाण्यासाठी टँकर, रस्त्यासाठी मोर्चा आणि गाडीत शिरण्यासाठी झुंज हा इथला नित्यक्रम झाला. २ जानेवारी २०१५ रोजी गाड्यांचा खोळंबा होताच दिव्याचे प्रवासी रुळांवर उतरले आणि प्रकरण दगडफेकीपर्यंत गेले, तेव्हा या नावाची दखल साऱ्या मुंबईने घेतली. वस्ती आधी आणि सोय मागून हा जो क्रम पाण्याच्या आणि रस्त्याच्या बाबतीत घडला, तोच शाळेच्या बाबतीतही घडला, आणि तेथे त्याचे परिणाम अधिक खोल गेले आहेत.

कारण पाण्याची उणीव टँकरने भरून काढतात, तशी शाळेची उणीव इथे अनधिकृत शाळांनी भरून काढली. ठाणे महानगरपालिका आपल्या हद्दीतील मान्यता नसलेल्या शाळांची यादी वेळोवेळी जाहीर करते, आणि त्या यादीत दिव्याचा वाटा डोळ्यांत भरण्याइतका मोठा असतो. मान्यतेवाचून शाळा चालविणाऱ्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड आणि त्यानंतरही शाळा चालू ठेवल्यास दररोज दहा हजारांपर्यंत दंड, अशी तरतूद शिक्षणहक्काच्या कायद्यात स्पष्ट शब्दांत आहे. तथापि चाळीच्या तळमजल्यावर चार वर्ग, इंग्रजी नावाची पाटी आणि टाय घातलेली मुले हे दृश्य त्या तरतुदीने पुसले गेलेले नाही. आणि पालकांना दोष द्यावा तर घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर दुसरी शाळा कोणती, या त्यांच्या साध्या प्रश्नाला उत्तर नाही. अशा शाळेत सात-आठ वर्षे काढलेला मुलगा पुढे माध्यमिक शाळेच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याच्या दाखल्यावर मान्यताप्राप्त शाळेला मिळणारा सरकारी यू-डायस क्रमांक नसतो, त्याचे नाव सरकारी नोंदीत एखाद्या भलत्याच शाळेच्या पटावर असते किंवा कुठेच नसते. या मुलाने शाळा सोडली असे म्हणणे कितपत न्याय्य आहे? सरकारी हिशेबात तो शाळेत पुरतेपणी कधी शिरलेलाच नव्हता.

आता कायद्याकडे वळू. सक्तीच्या शिक्षणाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे अशी मागणी केली होती. सयाजीराव गायकवाडांनी अमरेली तालुक्यात केलेला प्रयोग १९०६ साली साऱ्या बडोदे संस्थानाला लागू केला. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक तर अवघे सहा ते दहा या वयापुरते होते, आणि तेही पुढल्या वर्षी फेटाळले गेले. स्वतंत्र भारताच्या संविधानाने चौदा वर्षांपर्यंतच्या शिक्षणाची तजवीज दहा वर्षांत करावी असे राज्यसंस्थेला सांगितले. ती आज्ञा मूलभूत हक्काच्या रूपाने २००२ साली संविधानात उतरली आणि कायद्याच्या रूपाने १ एप्रिल २०१० पासून अमलात आली. फुल्यांचे बारा वर्षांचे मागणे चौदापर्यंत पोचण्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, आणि चौदाव्या वर्षावर येऊन ती रेषा थांबली.

या चौदाव्या वर्षी एकाच वेळी काय काय घडते, हे जरा बारकाईने पाहण्याजोगे आहे. आठवी संपली की मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क संपतो. शाळेत शिजणारी दुपारची खिचडी आठवीपर्यंतच असते. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंतच असतात. महापालिकांच्या बहुसंख्य शाळा सातवी-आठवीलाच संपतात, म्हणजे नववीसाठी नवी शाळा शोधणे ओघानेच आले. अनुदानित शाळेत शिक्षणशुल्क माफ असले तरी तेथे जागा मिळेलच असे नाही, आणि जागा न मिळाल्यास स्वयंअर्थसहाय्यित शाळेची फी भरणे प्राप्त होते. नेमक्या याच वयात बालकामगारविषयक कायद्याचे कवचही पातळ होते, कारण २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलास कामाला ठेवणे काही अपवाद सोडता निषिद्ध असले तरी चौदा ते अठरा या वयाच्या किशोरास फक्त खाणी, ज्वालाग्राही व स्फोटक पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया एवढ्यांतूनच वर्ज्य केले आहे. एका कायद्याने वर्गाचे दार उघडे ठेवण्याची जबाबदारी सोडली आणि दुसऱ्याने कामाचे दार उघडले, तेही एकाच वाढदिवशी. ज्याला आपण त्या मुलाचा निर्णय म्हणतो, त्याची अर्धी वाक्ये अशा रीतीने संसदेने आधीच लिहून ठेवलेली असतात.

उरलेली अर्धी घरात लिहिली जातात. जून महिन्यात कोणत्याही माध्यमिक शाळेच्या कचेरीत तासभर बसावे. डोंबिवलीत चार घरची धुणीभांडी करणारी बाई अर्ध्या दिवसाची रजा मागून आलेली असते, मागे मुलगा उभा असतो.

“सर, ह्याचं नाव कमी करायचंय. दाखला द्या.”

“का हो ताई? वर्ष तर आत्ताच सुरू झालंय.”

“नववीला दुसऱ्यांदा राहिला. गणित जमतच नाही त्याला. ह्याच्या पप्पांचं काम सुटलंय मार्चपासून. भिवंडीला गोदामात ह्याचा मामा आहे, तो लावून देतो म्हणालाय.”

“आणि तुला काय वाटतं रे?”

मुलगा काही बोलत नाही. आणि त्याच्या मौनाचा अर्थ लावण्यास कोणाला सवडही नसते. लिपिक जनरल रजिस्टर उघडतो, जन्मतारीख आणि जात ताडून पाहतो, आणि छापील दाखल्याचे रकाने भरू लागतो. प्रगती: समाधानकारक. वर्तणूक: चांगली. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात हात सवयीने लिहून जातो: पालकांच्या विनंतीवरून. सुटलेली नोकरी, न जमलेले गणित, थकलेले भाडे, मामाचे आश्वासन यांपैकी एकाही गोष्टीला त्या रकान्यात जागा मिळत नाही, आणि म्हणून ती शिक्षणखात्याच्या कोणत्याही दफ्तरात पोचत नाही.

या मायलेकरांची कैफियत तिच्या पूर्ण बळासह मांडली पाहिजे, कारण ती दुबळी करून खोडून काढणे सोपे असले तरी प्रामाणिकपणाचे नाही. त्यांचे म्हणणे असे, की दहा वर्षे शाळेत बसूनही ज्याला भागाकार नीट येत नाही त्याला अकराव्या वर्षात तो येईल असे मानण्यास आधार काय? आठवीपर्यंत त्याला वरच्या वर्गात ढकलत नेण्यात आले. नववीत गेल्यावर एकाएकी त्याला नापास होण्याचा अनुभव आला, आणि त्याची कच्ची बाजू कोणती हे सांगण्याऐवजी तो कच्चा आहे एवढेच त्याला सांगण्यात आले. शिवाय दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा या हव्यासापायी कित्येक शाळा नववीतच गाळणी लावतात, आणि अशा मुलाच्या पालकांना ‘बाहेरून बसवा’ असा सल्ला आपण होऊन देतात. तेव्हा मुलाने शाळा सोडण्याच्या पुष्कळ आधी शाळेने मुलाचा नाद सोडलेला असतो. उलटपक्षी गोदामातले काम त्याला महिन्याच्या महिन्याला पगार देते. घरात त्याचे बोलणे ऐकले जाऊ लागते. आणि ज्या मुलाने वर्गात वर्षानुवर्षे केवळ आपली अपात्रताच अनुभवली, त्याला आपण कोणाच्या तरी उपयोगी पडतो हा अनुभव प्रथमच येतो. या शेवटच्या गोष्टीचे मोल पैशात करता येत नाही, आणि वर्गाच्या कल्याणाची चिंता वाहणाऱ्या आम्हा मंडळींनी तिला आजवर हिशेबात धरलेले नाही.

या कैफियतीला जोड म्हणून थोरांची उदाहरणे दिली जातात. अण्णा भाऊ साठे दीड दिवसच शाळेत गेले, नारायण सुर्वे गिरणीत राबले, कर्मवीर भाऊराव पाटील मॅट्रिक झाले नाहीत. मग या मुलानेच काय घोडे मारले? परंतु ही चरित्रे नीट वाचली तर त्यांची साक्ष उलट दिशेला जाते. अण्णा भाऊंनी शाळा सोडली असे म्हणण्यापेक्षा जातीच्या अपमानाने ती त्यांच्याकडून सोडविली असे म्हणणे सत्याला धरून होईल. आणि अक्षरांची त्यांची ओढ इतकी जबर होती की मुंबईत आल्यावर, पोटासाठी पडेल ते काम करीत असताना, त्यांनी अक्षरे मिळवलीच. सुर्वे महापालिकेच्या शाळेत शिपाई होते, आणि परीक्षा देऊन ते पुढे शिक्षक झाले. भाऊरावांनी तर १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि ज्या मुलाला पोटासाठी शाळा सोडावी लागते त्याला ती सोडावी लागू नये म्हणून ‘कमवा आणि शिका’ हे तत्त्व साऱ्या महाराष्ट्रात रुजविले. शाळेबाहेर पडलेल्या या माणसांनी शाळेबाहेर पडण्याचा महिमा गायिला नाही. ज्याने त्याने आपल्या परीने शिक्षणाकडे परतण्याची वाट शोधली, आणि भाऊरावांनी तर ती दुसऱ्यांसाठी बांधून काढली. त्यांच्या चरित्रातून घ्यावयाचा धडा असलाच तर तो परतण्याचा आहे.

मग शाळा सोडणाऱ्याचे नेमके काय हरवते? ज्ञान हरवते असे उत्तर देण्याची आपली प्रथा आहे. पण वर पाहिल्याप्रमाणे ज्ञान त्याला फारसे मिळतच नव्हते. हरवते ते दुसरेच. एके काळी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, झालेला माणूस प्राथमिक शिक्षक होई. मॅट्रिक झालेला कचेरीत कारकून म्हणून रुजू होई. आज दहावी उत्तीर्ण होण्याने कोणाला कारकुनी मिळत नाही. परंतु उत्तीर्ण नसण्याने जे जाते ते मात्र दर दशकागणिक वाढत गेले आहे. रेल्वेच्या सर्वांत खालच्या श्रेणीतील भरतीला, म्हणजे दिव्याच्या मुलाच्या डोळ्यांदेखत रुळांची निगा राखणाऱ्या कामगाराच्या जागेला, दहावी किंवा आयटीआय लागते. सैन्यात अग्निवीर म्हणून सर्वसाधारण कामावर जाण्यास दहावी लागते, पोलीस शिपाई होण्यास बारावी लागते. कोकणातील कित्येक घरांची मदार आखातातील नोकरीवर आहे, आणि तेथेही दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पारपत्रावर सामान्यतः उत्प्रवास-तपासणीचा शेरा पडतो व नोकरीसाठी निघण्यापूर्वी त्याला निराळी मंजुरी घ्यावी लागते. परवडणारे आणि खात्रीचे असे जे जे आहे, त्याच्या उंबरठ्यावर हे एक गुणपत्रक मागितले जाते. वाहतुकीची वाहने चालविण्याच्या परवान्यासाठी असलेली आठवी उत्तीर्णतेची अट २०१९ साली केंद्र सरकारने काढून टाकली ही चांगलीच गोष्ट झाली. परंतु उंबरठे कमी केल्याची अशी उदाहरणे विरळा, वाढविल्याची पुष्कळ. दहावी असल्याने फारसे काही मिळत नाही, नसल्याने मात्र पुष्कळ जाते, असा हा विलक्षण व्यवहार आहे. आणि सोळा वर्षांच्या मुलाला त्यातले पहिले अर्ध तेवढे दिसते, कारण दहावी होऊन रिकामा बसलेला मोठा भाऊ त्याच्या घरातच असतो.

याला आणखी एक बाब जोडली पाहिजे. गोदामातील हमालीचा किंवा कारखान्यातील हेल्परचा रोज सोळाव्या वर्षी मुलाला भरघोस वाटतो, कारण तो त्याच्या आयुष्यातला पहिला पैसा असतो. पण महागाई वजा जाता तिसाव्या वर्षी त्याच कामाचा रोज फारसा वाढलेला नसतो, आणि शरीर मात्र चौदा वर्षांनी झिजलेले असते. ठेकेदाराकडे वय अठरा लिहिले की किशोरासाठी घातलेली सारी बंधने निरुपयोगी होतात. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत मे २०१६ मध्ये आणि पुन्हा मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यांत झालेले भीषण स्फोट आठवले, म्हणजे धोकादायक प्रक्रिया हा शब्द कायद्याच्या पुस्तकात का घातला आहे हे निराळे सांगावे लागत नाही. कामावर जाण्यासाठी गाडी पकडणे हाही धोकाच आहे. ९ जून २०२५ च्या सकाळी दिवा आणि मुंब्रा यांच्या दरम्यान भरलेल्या गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडून मृत्युमुखी पडले, आणि त्यांतले काही कामावरच निघाले होते. मुलाला मिळणाऱ्या पगारातून या गोष्टींची किंमत वजा करण्याचे गणित शाळेने त्याला शिकवले नाही, आणि मामाला ते करायला वेळ नाही.

एवढे सांगितल्यावर, काही झाले तरी शाळा सोडू नये, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो मी काढू इच्छीत नाही. बाप घरी बसला आहे, भाडे थकले आहे आणि घरमालक खोली रिकामी करा म्हणून तगादा लावतो आहे, अशा घराला ‘पोराला शाळेतच ठेवा’ असे बजावणे, आणि बजावून आपल्या घरी जेवायला जाणे, हा सज्जनपणाचा एक निर्दय प्रकार आहे. ज्या वर्गात मुलगा काहीच शिकत नाही तेथे त्याला आणखी दोन वर्षे डांबून ठेवण्याने पटावरची संख्या राखली जाते, मुलाचे आयुष्य राखले जात नाही. म्हणून मला वाटते, या प्रश्नाची कसोटीच बदलली पाहिजे. मुलगा शाळा सोडतो की नाही याला दुय्यम महत्त्व द्यावे. सोडल्यावर परत येण्याची वाट त्याला खुली राहते की नाही, याला पहिले. ज्या जाण्यानंतर परतता येते ते जाणे म्हणजे खंड. ज्यानंतर परतता येत नाही ते जाणे म्हणजे नुकसान. सोळाव्या वर्षी मनुष्याने चुकीचा निर्णय घेणे हे स्वाभाविक आहे. त्या निर्णयाला कायमचे करून टाकणे हे समाजाचे कर्तृत्व आहे.

परतीच्या वाटा कागदोपत्री अनेक आहेत. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून खाजगीरीत्या दहावीला बसता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत चौदा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही माध्यमिक परीक्षेसाठी नाव नोंदविता येते, आणि पाच वर्षांच्या मुदतीत, नऊ संधींमध्ये, एकेक विषय सोडवीत उत्तीर्ण होता येते; ज्याचे गणितच तेवढे अडले आहे त्याला ही सवलत वरदानासारखी आहे. राज्याचे स्वतःचे मुक्त विद्यालय मंडळही आहे. आयटीआयच्या तारतंत्री आणि वेल्डर यांसारख्या काही अभ्यासक्रमांना दहावी उत्तीर्ण नसलेला मुलगाही चालतो, आणि अंबरनाथची जुनी संस्था दिव्यापासून गाडीने फार लांब नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी १८५५ साली श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली, तेव्हापासून रात्रशाळेची परंपराही महाराष्ट्रात आहे. इतक्या वाटा असताना कोणी परतत नसेल तर दोष कोणाचा, असे विचारले जाते.

वाटा कागदावर आहेत, हेच त्याचे उत्तर. सतरा नंबरच्या अर्जाची मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, आणि ती केव्हा सुरू झाली नि केव्हा संपली हे गोदामात बारा तास काम करणाऱ्याच्या कानावर जाण्याची कोणतीही व्यवस्था नाही. अर्जासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला लागतो. तो पावसात भिजला, खोली बदलताना हरवला किंवा मान्यता नसलेल्या शाळेचा निघाला, की प्रतिज्ञापत्रे आणि खेटे यांचा फेरा सुरू होतो, आणि एकेका खेट्याला एकेक दिवसाची हजेरी बुडते. मुक्त विद्यालय हे नाव दिव्याच्या चाळीत किती जणांनी ऐकले असेल? रात्रशाळा मुंबईच्या गिरणगावात वाढल्या, कारण कामगार तेथेच राहत होता. आज तो साठ-सत्तर मिनिटांच्या प्रवासाने रात्री नऊ-दहाला दिव्याच्या फलाटावर उतरतो, आणि त्या वेळेला त्याच्यासाठी कोणताही वर्ग उघडा नसतो.

परदेशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे या ठिकाणी पाहणे उपयोगाचे ठरेल. इंग्लंडने शाळा सोडण्याचे किमान वय १९४७ पासून पंधरा आणि १९७२ पासून सोळा केले. पुढे २००८ च्या कायद्याने ती मर्यादा अठरापर्यंत नेताना त्यांनी एक मर्मग्राही भेद केला: अठरापर्यंत शाळेत असणे सक्तीचे नाही, शिकत असणे सक्तीचे आहे, मुलगा कामावर लागला तरी कामाबरोबर काही शिक्षण चालू राहिले पाहिजे. जर्मनीत कारखान्यात उमेदवारी करणारा मुलगा आठवड्यातून एक-दोन दिवस व्यवसायशाळेत बसतो, आणि ते दिवस त्याच्या मालकाने सोडावयाचे असतात. ही पद्धत जशीच्या तशी उचलून आणता येईल असे मी म्हणत नाही. तेथे मालक आणि कामगार यांच्यात लेखी करार असतो, आणि इथे मुकादमाच्या वहीतली एक ओळ असते. तथापि काम आणि शिक्षण यांच्यात ‘हे किंवा ते’ असा झगडा लावलाच पाहिजे असे नाही, एवढे त्यातून सिद्ध होते. आणि ते सिद्ध करण्यासाठी खरे तर इतक्या दूर जाण्याचेही कारण नव्हते, भाऊरावांचा सातारा पुरेसा होता.

मुलींच्या बाबतीत हा सारा विचार आणखी एका अंगाने करावा लागतो. बारावीपर्यंत मुलींना शिक्षणशुल्क माफ आहे. म्हणजे मुलीच्या शिक्षणाला खर्च नाही अशी समजूत सरकारदरबारी आहे. खर्च फीचा नसतोच. आई पहाटे कामाला बाहेर पडते; पाण्याचा टँकर येईल तेव्हा घरात कोणीतरी असावे लागते; धाकट्याला शाळेत सोडणे आणि आणणे हे कोणालातरी करावे लागते; आणि शाळा रुळांच्या पलीकडे असली तर वयात आलेल्या मुलीला एकटीला कसे पाठवावे, ही काळजी रोज वाहावी लागते. मुलगा शाळा सोडतो तेव्हा निदान अर्ज होतो, दाखला निघतो, चार माणसे चार शब्द बोलतात. मुलीची हजेरी आधी सोमवारी चुकते, मग आठवडाभर, आणि एके दिवशी ती शाळेत येतच नाही हे वर्गशिक्षकांच्या लक्षात येते. तिच्यासाठी परतीची वाट अधिकच अरुंद असते, कारण मुलगा कामावरून परतण्याची शक्यता तरी असते. शाळा सुटलेल्या मुलीचे मात्र बहुधा लग्न लावून देतात, आणि लग्नातून नववीच्या वर्गात परतण्याची रीत आपल्या समाजात नाही. सबब मुलीच्या बाबतीत ‘खंड’ हा शब्द वापरताना शतवार विचार केला पाहिजे. तिचा खंड हा बहुधा शेवटच असतो, आणि म्हणून तिला वर्गात टिकवून धरण्याचा आग्रह मुलापेक्षा अधिक कठोरपणे धरणे न्यायाचे आहे.

या विवेचनातून घरासाठी काही व्यवहार्य गोष्टी निघतात. शाळा सोडणे अटळच असेल तर वर्षाच्या आरंभी सोडू नये. परीक्षेला बसून मग सोडावी, कारण काही विषय सुटले आणि काही राहिले ही स्थिती काहीच न सुटल्यापेक्षा कितीतरी बरी असते. दाखला हातात घेतल्याखेरीज आणि त्यावरील नाव, जन्मतारीख व जात अक्षर न् अक्षर तपासल्याखेरीज शाळेच्या पायऱ्या उतरू नयेत. आणि बाहेरून बसण्याचा अर्ज त्याच वर्षी भरावा, कारण पहिल्या वर्षी जो धीर असतो तो तिसऱ्या वर्षी राहत नाही, आणि पगाराची सवय लागल्यावर पुस्तक हातात धरणे लाजिरवाणे वाटू लागते.

परंतु घराला उपदेश करून थांबणे म्हणजे पुन्हा त्या पहिल्या सुराकडेच जाणे होय. मुख्य देणे राज्यसंस्थेकडे आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने अठरा वर्षांपर्यंतच्या सर्वांना शिक्षण मिळावे असे उद्दिष्ट ठरविले आहे. परंतु उद्दिष्टावरून कोणाला न्यायालयात दाद मागता येत नाही, ती हक्कावरून मागता येते. शिक्षणाचा हक्क निदान दहावीपर्यंत वाढविणे, आठवीला तुटणारे अन्न आणि पुस्तके पुढे चालू ठेवणे, दिव्यासारख्या वस्तीत स्थानकाच्या जवळ रात्रीची माध्यमिक शाळा काढणे, आणि अनधिकृत शाळेला टाळे लावताना तेथील मुलांची नावे त्याच दिवशी मान्यताप्राप्त शाळेच्या पटावर चढविणे, या मागण्यांत नवे असे काही नाही. त्यांची अंमलबजावणी नवी ठरेल.

यांत मी आणखी एका मागणीची भर घालीन, कारण तिला पैसा लागत नाही. दरवर्षी राज्य मंडळ दहावीचा निकाल जाहीर करते. २०२४ साली तो ९५.८१ टक्के होता, २०२५ साली ९४.१० टक्के. हे आकडे परीक्षेला बसलेल्यांचे असतात, आणि म्हणून ज्या शाळेने नववीतच आपली कच्ची मुले गाळली तिचा निकाल उत्तम लागतो व तिचे अभिनंदन होते. मंडळाने या आकड्याशेजारी दुसरा आकडा छापावा: दोन वर्षांपूर्वी त्या शाळेच्या आठवीच्या पटावर असलेल्या मुलामुलींपैकी किती जण आज उत्तीर्ण झाले. बदली होऊन गेलेल्यांची नोंद ठेवणे संगणकाच्या काळात अवघड नाही. असे झाले तर नाव कमी करून घेण्यास आलेल्या आईला मुख्याध्यापक खुर्ची देतील, शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना खरेपणाने भरला जाईल, आणि ‘बाहेरून बसवा’ असे सांगून मोकळी होणारी शाळा त्या मुलाचा अर्ज स्वतः भरून घेईल. कारण तो परत येणे, न येणे ही त्या दिवसापासून त्याच्या एकट्याची बाब राहणार नाही, शाळेच्याही निकालाची बाब होईल.